डोळ्यामागील गाठ : तुकडा केव्हा काढावा, केव्हा काढू नये

डोळ्याची खोबण जेमतेम ३० मिलिलिटर आकारमानाची असते. तिला हाडांच्या भिंती असून ती केवळ समोरून उघडी असते. त्यामुळे आत गाठ वाढू लागली, की नेत्रगोल पुढे ढकलला जातो. प्रौढांमध्ये डोळा पुढे येण्याचे प्रमुख कारण थायरॉइडशी निगडित विकार हे आहे. खोबणीतील अर्बुदे दुर्मीळ असतात, म्हणूनच त्यांचे निदान सहसा मोठ्या केंद्रांत होते. दिल्लीत एम्सच्या आवारातील, १९६७ साली स्थापन झालेले डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र हे त्यांपैकी एक होय.

निदानाचा आरंभ प्रतिमांपासून होतो. सीटी स्कॅनमध्ये हाडाची झीज आणि कॅल्शियमचे साठे स्पष्ट दिसतात, तर एमआरआयमध्ये दृष्टीची नस व मृदू ऊतके. भारतात आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी लागते. डोळ्याच्या स्नायूत शिरलेली पट्टकृमीची अळीही गाठीसारखी भासते. सोनोग्राफीत ती ओळखता आली, तर बहुधा औषधांनीच काम भागते.

खरी कसोटी अश्रुग्रंथीच्या गाठीची. वर्षभराहून अधिक काळ वेदनेविना वाढलेली, हाड न पोखरता केवळ दाबणारी गाठ बहुधा सौम्य मिश्र अर्बुद असते. तिचा तुकडा तपासणीसाठी काढू नये. ती आवरणासह अखंड काढावी. आवरण फाटल्यास पेशी सांडतात, कित्येक वर्षांनी गाठ पुन्हा उद्भवते आणि क्वचित कर्करोगाचे रूप घेते. याउलट काही महिन्यांतच वाढलेली, दुखणारी, हाड पोखरणारी गाठ दिसल्यास बायोप्सी आधी करावी लागते. ग्रंथी तीच, नियम मात्र नेमके उलट!

अंतिम निर्णय विकृतिशास्त्राचा. स्कॅनमध्ये रक्तवाहिन्यांची साधी गाठ वाटलेले अर्बुद सूक्ष्मदर्शकाखाली एकल तंतुमय अर्बुद ठरू शकते. त्यातील जनुकीय बदल २०१३ मध्ये उजेडात आला. आता एसटीएटी-६ या प्रथिनाच्या रंजनाने त्याची ओळख पटते. मुलांमधील रॅब्डोमायोसार्कोमा काही आठवड्यांतच फोफावतो व जंतुसंसर्गाची सूज समजला जातो. येथे बायोप्सीला विलंब परवडत नाही. एकेकाळी अशा मुलांची संपूर्ण खोबण रिकामी करीत. आता निदान होताच केमोथेरपी व किरणोपचार देऊन बहुतेकदा डोळा राखला जातो.

आधी अन्यत्र शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांनी मोठ्या केंद्रात जाताना केवळ अहवाल नेणे पुरेसे नाही. जुने स्कॅन, काचपट्ट्या आणि ऊतकाचा मेणातील ठोकळाही सोबत न्यावा. त्याच ठोकळ्यातून नव्या चाचण्या करता येतात.