लाल गोळी आणि अंगातले रक्त

मंडळी, शेतात पीक पिवळे पडले की आपण काय करतो? आधी मुळाशी बघतो. पाणी कमी पडले की खत कमी पडले, याचा विचार करतो. मग जे उणे असेल तेवढेच घालतो. पाणी नसताना नुसते खत कोणी ओतीत नाही.

माणसाच्या शरीराचेही तसेच आहे. रोजच्या अन्नात जे कमी पडते, ते वरून थोडे द्यावे लागते. अशा वस्तूला पूरक म्हणतात. पूरक म्हणजे उणे भरून काढणारे. ते कधी गोळीत असते, कधी पातळ औषधात असते, तर कधी मिठात. दुकानातल्या मिठात आयोडीन मिसळलेले असते, ते पूरकच. लहान मुलांना सहा-सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस पाजतात, तेही पूरकच.

या पाठात आम्ही एकाच पूरकाची माहिती सांगणार आहोत. ती म्हणजे लाल गोळी. पोटुशी बाईला आशाताई घरी आणून देतात ती. कित्येक घरांत ही गोळी फळीवर डब्यामागे पडून असते. ती पोटात गेली तर काय होते, आणि फळीवर राहिली तर काय होते, हे नीट समजून घेऊ.

रक्त लाल का असते?

रक्ताच्या एका थेंबात लाखो लाल पेशी असतात. त्या इतक्या बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. या पेशींत हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ असतो. त्यानेच रक्ताला लाल रंग येतो. हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागते. लोह म्हणजे लोखंडच. विळ्यात आणि नांगराच्या फाळात असते तेच. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगात मिळून साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. बाईच्या अंगात थोडे कमीच. म्हणजे एका लहानशा खिळ्याएवढे! पण तेवढ्यावर सगळा संसार चालतो.

लाल पेशींचे काम गाडीवानाचे आहे. आपण श्वास घेतो तेव्हा हवेतला प्राणवायू फुप्फुसात येतो. लाल पेशी तो भरून घेतात आणि अंगभर पोचवतात. हाताला, पायाला, मेंदूला, आणि पोटात बाळ असेल तर त्यालाही. प्राणवायू पोचला तरच खाल्लेल्या भाकरीची ताकद होते. गाड्याच कमी असतील, तर घरात धान्य असून चूल पेटत नाही.

एक लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. मग ती मोडते आणि नवी तयार होते. मोडलेल्या पेशीतले लोह शरीर वाया जाऊ देत नाही. जुन्या घराचे वासे आपण नव्या घराला वापरतो, तसे ते पुन्हा वापरते. पण नवी पेशी घडवायला आणखी एक वस्तू लागते. तिचे नाव फोलिक आम्ल. लाल गोळीत लोह आणि फोलिक आम्ल ही दोन्ही असतात.

रक्त कमी कशाने होते?

रक्तातले हिमोग्लोबिन कमी झाले की त्याला रक्तक्षय म्हणतात. जुनी माणसे पंडुरोग म्हणत. अशा माणसाला चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. डोके हलके होते, चक्कर येते. जीभ, नखे आणि डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू फिक्कट दिसते. मूल असेल तर वर्गात पेंगते. आम्ही सारा जन्म मास्तरकी केली. पेंगणाऱ्या पोराला आळशी म्हणण्याआधी त्याची नखे बघा, असे आम्ही नव्या मास्तरांना सांगत असतो.

हा रोग थोड्याथोडक्यांचा नाही. सरकारने २०१९ ते २०२१ या काळात देशभर पाहणी केली. १५ ते ४९ वयाच्या १०० बायांपैकी ५७ जणींचे रक्त कमी निघाले. पुरुषांत हे प्रमाण १०० मध्ये २५ होते. आपल्या महाराष्ट्रात १०० बायांमागे ५४ निघाल्या.

बायांनाच हे जास्त का? कारणे उघड आहेत. बाईच्या अंगावरून दर महिन्याला रक्त जाते. त्याबरोबर लोह जाते. गरोदरपणात पोटातल्या बाळाला रक्त लागते, आणि तिच्या स्वतःच्या अंगातही रक्त वाढावे लागते. एका गरोदरपणात आणि बाळंतपणात मिळून सुमारे १ ग्रॅम लोह जादा लागते. वर बघा, सगळ्या अंगात किती असते ते सांगितले आहे. मग हे १ ग्रॅम आणायचे कुठून?

तिसरे कारण आपल्या चुलीपाशी आहे. घरातली बाई सर्वांत शेवटी जेवते. भाजी संपलेली असते. मग चटणीभाकरीवर भागवते. जिला जास्त लागते तिच्याच ताटात कमी पडते. हे कारण कोणत्याही गोळीने जात नाही. ते घरातल्या पुरुषांनी आणि सासूबाईंनी मनावर घेतले तरच जाते.

चौथे कारण जंत. आकड्याचे कृमी आतड्याला चिकटतात आणि रक्त पितात. उघड्यावर शौचास बसल्याने त्यांची अंडी मातीत जातात. मग अनवाणी पायाच्या कातडीतून बारीक कृमी अंगात शिरतात. म्हणून संडास वापरणे आणि पायांत चप्पल घालणे, हाही रक्तक्षयावरचा इलाजच आहे.

मुंबईत लागलेला शोध

फोलिक आम्लाचा शोध आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईला आल्या. त्या काळी कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बाया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत. कित्येक दगावत. त्यांचा रक्तक्षय नुसत्या लोहाने बरा होणारा नव्हता. डॉक्टरबाईंनी या बाया काय खातात याचा तपास केला. ज्यांच्या जेवणात भाजीपाला आणि सकस अन्न कमी, त्यांना हा रोग जास्त, असे त्यांना दिसले. मग त्यांनी यीस्टचा अर्क देऊन पाहिला. पाव फुगवायला वापरतात ते हे यीस्ट. हा अर्क स्वस्त होता. तो पोटात गेला आणि बायांचे रक्त वाढू लागले. १९३१ साली त्यांनी हे छापून जगाला सांगितले.

अर्कात नेमके काय आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ती वस्तू वेगळी काढली गेली. लॅटिन भाषेत पानाला जो शब्द आहे, त्यावरून तिला फोलिक आम्ल हे नाव पडले. आज ती वस्तू लाल गोळीत आहे. गिरणीतल्या बायांच्या दुखण्यातून हा शोध लागला, हे विसरू नये.

गोळी किती आणि कशी घ्यावी?

पोटुशी बाईने चौथ्या महिन्यापासून रोज १ गोळी घ्यायची. अशी निदान १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस रोज १. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ती सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. शाळेतल्या मोठ्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात. लहान शाळकरी मुलांना गुलाबी गोळी आणि त्याहून लहान बाळांना पातळ औषध देतात.

पोटुशी बाईचे हिमोग्लोबिन ११ हवे. त्याहून कमी निघाले तर डॉक्टर गोळ्या वाढवतात. ७ च्या खाली गेले तर घरी बसू नये. दवाखान्यातच जावे.

गोळी पाण्याबरोबर घ्यावी. लिंबाच्या सरबताबरोबर घेतली तर आणखी चांगले. आंबट फळांतल्या ‘क’ जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. चहाबरोबर मात्र कधी घेऊ नये. चहा लोहाला अडवतो. चहा आणि गोळी यांत निदान तासाभराचे अंतर ठेवा. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्या.

सासूबाईंचे प्रश्न

लोक गोळी का टाकून देतात? सासूबाई आणि आशाताई यांचे बोलणे ऐका.

“आशाताई, गोळी घेतली की सुनेला शौचास काळी होते. आत काही बिघडले असेल.”

“नाही हो काकी. जे लोह अंगी लागले नाही ते बाहेर पडते. त्याचाच तो रंग. घाबरायचे कारण नाही.”

“तिला मळमळते बघा.”

“मग रात्री जेवण झाल्यावर द्या आणि झोपू द्या. आठ-पंधरा दिवसांत अंगवळणी पडते. पोट साफ होत नसेल तर पाणी आणि पालेभाजी वाढवा. फारच त्रास झाला तर मला सांगा. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका.”

“शेजारीण म्हणते, गोळीने मूल फार मोठे होते आणि बाळंतपण अवघड जाते. मूल काळेही होते म्हणे.”

“काकी, मुलाचा रंग आईबापावर जातो, गोळीवर नाही. आणि बाळंतपण अवघड जाते ते अंगात रक्त नसल्याने. साध्या बाळंतपणातही अर्धा लिटरपर्यंत रक्त जाऊ शकते. भरल्या अंगाची बाई ते सोसते. जिच्या अंगात मुळातच रक्त नाही, तिला थोडे जास्त गेले की जिवावर बेतते. मूलही अशक्त आणि वेळेआधी जन्मते. फळीवरची गोळी त्या रात्री कामाला येत नाही. ती आधी पोटात गेलेली असावी लागते.”

सासूबाई उठल्या. त्यांनी फळीवरचे पाकीट काढले आणि सुनेच्या हाती दिले.

ताटातले लोह

गोळी घेतली म्हणजे जेवणाकडे दुर्लक्ष करावे, असे नाही. पूरक हे जेवणाच्या जोडीला असते. जेवणाच्या बदली नव्हे.

थोडा हिशेब करू. बाईला रोज अन्नातून २९ मिलिग्रॅम लोह मिळावे, असे भारतातल्या आहारतज्ज्ञांनी २०२० साली ठरवले. पुरुषाला १९. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण ६ मिलिग्रॅम असते. म्हणजे नुसत्या भाकरीवर भागत नाही. भाकरीबरोबर हिरवी पालेभाजी, मटकी, हरभरा, तीळ, अळीव हवे. जे मांसाहार करतात त्यांनी मासे, मटण, कलेजी खावी. मांसातले लोह लवकर अंगी लागते. धान्य-भाजीतले थोडेच लागते. म्हणून ते वाढवण्याच्या युक्त्या सांगतो.

कडधान्याला मोड आणा. उसळीवर लिंबू पिळा. जेवणात आवळा किंवा पेरू असू द्या. भाजी लोखंडी कढईत करा. पालेभाजी फार वेळ शिजवू नका आणि तिचे पाणी फेकू नका. फोलिक आम्ल त्या पाण्यात उतरते आणि उष्णतेने नासते. जेवणावर लगेच चहा पिऊ नका.

हे सांभाळा

चांगली वस्तूही जास्त झाली की बाधते. लोहाच्या गोळ्या लहान मुलाने गोड समजून मूठभर खाल्ल्या, तर त्याच्या जिवाला धोका होतो. पाकीट उंचावर, बंद डब्यात ठेवा. मुलाने गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लगेच दवाखाना गाठा.

ज्यांना सिकलसेलचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय लोहाची गोळी घेऊ नये. विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार बऱ्याच घरांत आहे. त्यांचे रक्त कमी होण्याचे कारण वेगळे असते.

बाजारात ताकदीच्या पावडरी आणि टॉनिकच्या बाटल्या मिळतात. डब्यावर पहिलवानाचे चित्र असते. अंगात काय उणे आहे हे न तपासता पाचशे-हजार रुपये घालू नका. आधी केंद्रात बोटातला थेंब तपासून घ्या. उणे कळले की इलाज सोपा आणि बहुधा फुकटच असतो. उरलेल्या पैशांची डाळ आणा.

लक्षात ठेवा

१. रक्तातल्या लोहामुळे अंगभर प्राणवायू पोचतो.
२. पोटुशी बाईने रोज १ लाल गोळी, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस.
३. गोळी लिंबाबरोबर चालते, चहाबरोबर चालत नाही.
४. काळी शौच हे भिण्याचे कारण नाही.
५. घरातल्या बाईने सर्वांबरोबर जेवावे.

सांगा पाहू

१. तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते? तिच्या ताटात काय उरते?
२. तुमच्या घरी कोणत्या फळीवर गोळ्या पडून आहेत?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाटीवर लिहू नका. आज घरी गेल्यावर बघा.