मराठी रंगभूमीचे आयरिश ऋण

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेचा रसिक 'संशयकल्लोळ'मधल्या फाल्गुनरावाच्या संशयपिशाच्चाला मनमुराद हसतो, तेव्हा त्या हास्याचा एक उगम आयर्लंडमध्ये आहे, हे त्याच्या ध्यानी सहसा येत नाही. कारण आपल्या वाङ्मयाच्या दप्तरात आयरिश लेखकांकडून आलेला हा सारा ऐवज 'इंग्रजी' या एकाच सदराखाली जमा धरला गेला आहे.

गोविंद बल्लाळ देवलांनी १८८६ साली 'दुर्गा' हे नाटक ज्याच्या कृतीवरून रचले, तो टॉमस सदर्न डब्लिनकडचा. आणि १८९३ सालचे 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा', जे १९१६ मध्ये 'संगीत संशयकल्लोळ' या रूपाने अजरामर झाले, त्याचा आधार असलेल्या नाटकाचा कर्ता आर्थर मर्फी हा रॉसकॉमन परगण्यात जन्मलेला. मर्फीनेही आपले कथानक मोलियरकडून घेतले होते. परंतु देवलांनी पात्रांना महिन्यांची व नक्षत्रांची नावे देऊन फाल्गुनराव-कृत्तिका, अश्विनशेठ-रेवती अशी जी मंडळी उभी केली, त्यांच्या बोलण्याचालण्यात परकेपणाचा लवलेशही उरला नाही. आणि परक्या नाटकांच्या या परिशीलनातून ज्याचा हात तयार झाला, त्याच लेखणीतून १८९९ साली 'शारदा' हे सर्वस्वी स्वतंत्र सामाजिक नाटक अवतरले.

हाच क्रम पुढेही दिसतो. वि. वा. शिरवाडकरांनी ऑस्कर वाइल्डच्या 'ॲन आयडियल हजबंड'वरून १९४६ साली 'दूरचे दिवे' लिहिले आणि १९७० साली त्यांचेच 'नटसम्राट' रंगभूमीवर आले. पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून १९७५ साली 'ती फुलराणी' सिद्ध केली, तेव्हा शुद्ध-अशुद्ध बोलीवरून माणसाची प्रतिष्ठा ठरविणाऱ्या समाजाचे चित्र भक्ती बर्वे यांच्या मंजुळेच्या मुखाने थेट मराठी प्रेक्षकाच्या अंतःकरणाला भिडले. वाइल्ड आणि शॉ हे दोघेही डब्लिनचे. रूपांतर ही नव्या लेखकाची शाळा आहे, याचा याहून सबळ दाखला कोणता?

खुद्द आयर्लंडलाही हीच शाळा लाभली. ज्या १८९३ साली देवलांचा फाल्गुनराव जन्मला, त्याच वर्षी डग्लस हाइड यांनी कॉनॉट प्रांतातील आयरिश प्रेमगीते इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केली. आणि त्या भाषांतरात आयरिश वळणाची जी इंग्रजी अवतरली, तिने जे. एम. सिंगसारख्या आयरिश नाटककाराला आपली वाणी गवसण्यास साह्य केले. परसत्तेखाली स्वभाषा क्षीण झालेल्या समाजाला अनुवादाने आत्मपरिचय घडविला, ही गोष्ट पारतंत्र्य भोगलेल्या आपल्या समाजाला विशेष जवळची वाटावी. आणि 'इंग्रजी' या सरसकट नोंदीने नेमका तोच ऋणानुबंध आपल्या दृष्टीआड केला.

वर्ध्याच्या भूमीला अनुवाद परका नाही. विनोबांची 'गीताई' १९३०-३१ मध्ये येथेच पूर्ण झाली, आणि १९९७ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात अनुवाद हा अध्ययनाचा स्वतंत्र विषय आहे. म्हणून येथील नव्या लेखकांपुढे अनुवादाचे एक काम ठेवावेसे वाटते. मार्टिन ओ काइन यांची १९४९ सालची आयरिश कादंबरी 'क्रे ना किला' हिच्यात स्मशानभूमीत पुरलेले ग्रामस्थ भूमीखालूनही गावची भांडणे, हेवेदावे आणि चहाड्या अखंड चालू ठेवतात. ही संभाषणे प्रमाण मराठीपेक्षा वर्धेकडच्या खेड्यांतील बोलीत अधिक सजीव होतील, अशी माझी दृढ श्रद्धा आहे. ज्या तरुणाने हे काम अंगावर घेतले, त्याने मुखपृष्ठावर मूळ लेखकाचे नाव आणि त्याची भाषा ठळकपणे नोंदवावी. मग त्या परिश्रमातून त्याची स्वतःची 'शारदा' केव्हा तरी प्रकट होईल, असा भरवसा देवलांचे उदाहरण आपल्याला देते.