पूर ओसरल्यावर घराचा हिशेब

रोहे शहर आणि पलीकडच्या तीरावरील अष्टमी यांच्यामधून कुंडलिका वाहते. सह्याद्रीच्या पायथ्याकडून येणारी ही नदी कोलाडवरून, डोलवहालच्या बंधाऱ्यावरून रोह्यास येते आणि पुढे रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. घाटमाथ्यावरील मुळशीच्या तलावाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून हिच्याच पात्रात उतरते. डोंगरात जोराचा पाऊस, वरून आलेले पाणी आणि खाली खाडीला भरती, अशा तिन्ही गोष्टी एका वेळी जुळून आल्या की पाण्याला जायला वाट राहत नाही आणि ते काठच्या घरांत शिरते. डोलवहाल येथे 23 मीटर ही इशारा पातळी व 23.95 मीटर ही धोक्याची पातळी मानली जाते. नदीने इशारा पातळी ओलांडल्याची बातमी रोहेकरांना नवी नसते.

आपल्या जिल्ह्याने मोठे पूर पाहिले आहेत. जुलै 1989 मध्ये अंबा नदीच्या पुराने सुधागड तालुक्यातील जांभूळपाड्यावर घाला घातला. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात दासगाव, जुई या गावांवर दरडी कोसळल्या. जुलै 2021 मध्ये सावित्रीच्या पाण्याने महाड शहर बुडाले. अशा प्रसंगी जीव वाचविणे हे पहिले काम आणि त्याबद्दल बरेच लिहिले जाते. परंतु पाणी ओसरल्यावर, बघे आणि पुढारी परत गेल्यावर, चिखलाने भरलेल्या घरासमोर उभ्या असलेल्या कुटुंबाला जो प्रश्न पडतो तो साधा असतो : आता याला पैसे किती लागणार? प्रस्तुत लेखात आम्ही या एका प्रश्नाचाच विचार करणार आहोत.

हा प्रश्न आपल्या समाजाला अधिक जवळचा आहे. जुन्या गावरचनेत आपली वस्ती गावाबाहेर, बहुधा सखल जागी, ओढ्याच्या अथवा नदीच्या अंगाला ठेवलेली असे. 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला गेला. ज्यांना हक्काचे पाणी नाकारले गेले, त्यांच्याच घरात पुराचे पाणी मात्र आधी शिरत राहिले, ही गोष्ट विसरून चालणार नाही. आज अनेकांची पक्की घरे झाली आहेत, पण जागा पुष्कळ ठिकाणी त्याच आहेत. म्हणून घरदुरुस्तीचा हिशेब प्रत्येक कुटुंबाला मांडता आला पाहिजे.

पहिले आठ दिवस : खर्च कमी, महत्त्व अधिक

पाणी उतरू लागले की घाईने आत शिरू नये. प्रथम मेन स्विच बंद आहे याची खात्री करावी. भिजलेले बोर्ड व पंप वायरमनने तपासल्याशिवाय चालू करू नयेत. मीटरच्या पेटीला हात लावू नये. ते काम वीज कंपनीच्या माणसाचे आहे. मातीच्या अथवा कुडाच्या भिंती पाणी असताना उभ्या राहतात आणि पाणी ओसरल्यावर कोसळतात, कारण आतील माती फुगून तिची पकड सुटलेली असते. अशा घरात रात्री झोपू नये.

गाळ ओला असतानाच काढावा. वाळल्यावर तोच गाळ फरशीला आणि भिंतीला घट्ट धरतो आणि एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लागतात. गाळ काढताना गमबूट घालावेत व हातापायावरील जखमा झाकाव्यात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो जीवावर बेतू शकतो. ताप आल्यास घरगुती उपाय न करता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. धुण्यासाठी टी.सी.एल. पावडर वापरताना ती ॲसिडमध्ये मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

या आठ दिवसांत पैसे फार जात नाहीत. झाडू, पावडर, हातमोजे, गमबूट यांस आठशे रुपये पुरतात. परंतु येथे कसूर झाली तर पुढचा सर्व खर्च वाढतो.

भिंत सुकल्याशिवाय गिलावा नको

आमच्या मते घरदुरुस्तीत सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो घाईमुळे. गणपती किंवा लग्नसराई तोंडावर आली, पाहुणे येणार, म्हणून ओल्या भिंतीवर नवा गिलावा केला जातो, वर रंग चढतो आणि दिवाळीच्या आत पोपडे सुटू लागतात.

असे का होते, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. दिव्याच्या वातीतून जसे तेल वर चढते तसेच वीट आणि जांभ्याच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढते. यास केशाकर्षण म्हणतात. म्हणून घरात तीन फूट पाणी असले तरी ओल साडेतीन-चार फुटांपर्यंत जाते. हे पाणी बाहेर पडताना स्वतःबरोबर विटेतील व मातीतील क्षार पृष्ठभागावर आणते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढताना रंग व गिलावा सुटा करतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. घट्ट सिमेंटचा गिलावा किंवा ऑइल पेंट लावून ओल बंद केली की ती नाहीशी होत नाही, ती दुसरीकडून वाट काढते.

नऊ इंची भिंत पूर्ण सुकायला काही महिने लागतात आणि कोकणच्या पावसाळी हवेत तर ती सुकतच नाही. म्हणून जुलैत पूर आला तर भिजलेला गिलावा तेव्हाच फोडून टाकावा, भिंत उघडी ठेवावी, दारे-खिडक्या उघडून वारा खेळू द्यावा आणि नवा गिलावा दिवाळीनंतर करावा. भिंत सुकली की नाही हे पाहण्यासाठी फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावावा. दोन दिवसांनी आतल्या बाजूस दव जमले असेल तर थांबावे. या परीक्षेला एक रुपयाही लागत नाही.

एका घराचा अंदाज

आता हिशेब करू. समजा, 10 फूट बाय 12 फूट अशा दोन खोल्यांचे विटेचे घर आहे आणि आत तीन फूट पाणी आले होते. गिलावा चार फुटांपर्यंत काढावा लागेल. एका खोलीच्या भिंतींची एकूण लांबी 44 फूट, दोन खोल्यांची 88 फूट. त्यास चार फूट उंचीने गुणले की 352 चौरस फूट होतात. पुढचे दार, मागचे दार आणि मधल्या दाराच्या दोन बाजू मिळून 48 चौरस फूट वजा केले की 304 उरतात. म्हणजे सुमारे 300 चौरस फूट काम आहे.

अर्धा इंच जाडीच्या, एकास सहा प्रमाणाच्या गिलाव्याला 100 चौरस फुटांस साधारण एक पोते सिमेंट लागते. तीन पोती, दर 400 रुपये धरल्यास 1,200 रुपये. रेती अथवा क्रश सँड पाव ब्रास, वाहतुकीसह 1,500 रुपये. गवंड्याचे तीन दिवस, रोज 1,000 रुपयांप्रमाणे 3,000. बिगाऱ्याचे जुना गिलावा फोडण्याचे दोन व गवंड्याच्या हाताखालचे तीन असे पाच दिवस, रोज 600 रुपयांप्रमाणे 3,000. रंगकाम 2,500. वायरमनची मजुरी व बदललेले बोर्ड 2,500. फुगलेले एक प्लायचे दार बदलण्यास 4,000. सुरुवातीच्या सफाईचे 800. एकूण 18,500 रुपये.

हे दर आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत. गावोगावी ते निराळे असतील आणि पूर आलेल्या वर्षी मजुरी चढते. परंतु रीत बदलत नाही. भिंत मोजावी, सामान व मजुरी वेगवेगळी लिहावी आणि दोन गवंड्यांकडून लेखी अंदाज घ्यावा. 'सगळे मिळून अमुक रुपये' असा उक्ता सौदा करणाऱ्याला प्रथम चौरस फूट विचारावेत.

याच हिशेबात घाईची किंमतही दिसते. ओल्या भिंतीवर केलेले काम सुटले तर सिमेंट, रेती, मजुरी आणि रंग मिळून 11,200 रुपये पुन्हा खर्चावे लागतात.

सरकारी मदत किती?

सरकारी मदत म्हणजे संपूर्ण नुकसानभरपाई नव्हे. 2022-23 ते 2025-26 या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घरास 1,20,000 रुपये, किमान 15 टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घरास 6,500 व कच्च्या घरास 4,000 रुपये अशी मदत ठरली. राज्य शासन विशेष प्रसंगी यात वाढ करते. जुलै 2021 च्या पुरानंतर पूर्ण पडलेल्या घरास 1,50,000 आणि अंशतः पडझडीस 15,000 ते 50,000 रुपये जाहीर झाले होते. पण ते त्या आपत्तीपुरते होते. पुढच्या वेळी तेवढेच मिळतील असे धरून चालू नये.

मदतीचा पाया म्हणजे पंचनामा. त्यासाठी सफाईपूर्वीच प्रत्येक भिंतीचे, तड्यांचे व सामानाचे फोटो मोबाईलवर काढावेत. पाण्याची रेघ खडूने आखावी. कपडे-भांड्यांच्या मदतीला घर किती वेळ पाण्याखाली होते याची अट असते, म्हणून पाणी शिरल्याची व ओसरल्याची वेळ वहीत लिहावी. घरपट्टीची पावती किंवा नमुना 8 चा उतारा, आधार कार्ड व बँकेचे पासबुक यांच्या प्रती तयार ठेवाव्यात. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना शेजारच्या विद्यार्थ्याने वाचून दाखवावा. शिकलेल्या मुलामुलींचे हे कर्तव्यच आहे.

विमा हा दुसरा मार्ग होय. 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही घरांसाठीची प्रमाणित पॉलिसी सुरू झाली असून तीत पुराचा समावेश आहे. हप्ता विचारून पाहण्यास हरकत नाही.

चौथा हिस्सा

वरील घरास 18,500 रुपये लागतात आणि मदत 6,500 मिळाली, तर 12,000 रुपये कमी पडतात. हीच ती रक्कम, जिच्यासाठी माणूस सावकाराच्या दारात जातो. शेकडा पाच रुपये महिना व्याजाने 12,000 रुपयांस महिन्याला 600, वर्षाला 7,200 रुपये व्याज होते आणि मुद्दल तसेच राहते. बचत गटाकडून शेकडा दोनने घेतल्यास तेच व्याज वर्षाला 2,880 रुपये होते. दरमहा 500 रुपये बाजूला टाकले तर दोन वर्षांत कर्जाशिवाय ही रक्कम उभी राहते.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा अडीअडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश कुंडलिकेच्या काठी आजही लागू पडतो. ज्यांची मिळकत थोडी आहे त्यांना चौथा हिस्सा जमणार नाही. त्यांनी विसावा हिस्सा ठेवावा, पण ठेवावा.

काही गोष्टी एकत्र केल्या तर स्वस्त पडतात. चार घरांनी मिळून एक ब्रास रेती आणावी. एकाच दिवशी वायरमन बोलावून सर्व घरे तपासून घ्यावीत. जुना गिलावा फोडणे व गाळ काढणे ही कामे वस्तीतील तरुणांनी श्रमदानाने केली, तर प्रत्येक घराचे बिगाऱ्याचे किमान दोन दिवस, म्हणजे 1,200 रुपये वाचतात. प्रथम विधवा, वृद्ध व आजारी यांची घरे घ्यावीत. विहारात पंचशील ग्रहण करणाऱ्या हातांनी शेजाऱ्याच्या घरातील गाळ काढणे हाही धम्मच आहे.

शेवटी विद्यार्थ्यांस एक सूचना. जातीचे प्रमाणपत्र, जातवैधता, गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जून लागताच पोटमाळ्यावर ठेवावेत आणि जे कागद डिजिलॉकरमध्ये मिळतात ते तेथेही घ्यावेत. भिंत पुन्हा उभी राहते, पण ऐन प्रवेशाच्या वेळी कागद नसला तर मुलाचे वर्ष जाते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पावसाळ्यापूर्वी आपल्या घराच्या भिंती एकदा मोजून वहीत लिहून ठेवा. पूर आला तर तीच वही गवंड्यापुढे, पंचनाम्याच्या वेळी आणि बचत गटाच्या बैठकीत उपयोगी पडेल.

जय भीम! जय बुद्ध!