जोंधळा, ज्वारी, शाळू : नाव आलं कुठून?



आपल्या कवठे महांकाळ भागात म्हातारी माणसं जोंधळा म्हणतात, बाजारात ज्वारी म्हणतात, आणि रब्बीच्या पिकाला शाळू. एकाच दाण्याला एवढी नावं कशी? हे समजून घेतलं तर बियाणं घेताना उपयोग होतो.

ज्वारी मूळची आफ्रिकेतली, सुदान देशाकडची. आपल्या देशात ती सुमारे ४००० वर्षांपूर्वी आली. त्याआधीपासून इथं जव, म्हणजे सातू, पिकत होता. संस्कृतात तो ‘यव’. नव्या धान्याला लोकांनी ओळखीच्या धान्याचंच नाव जोडलं. जवासारखं ते ‘यवाकार’, आणि नळासारखं ताट म्हणून ‘यवनाल’. भाषेचे जाणकार सांगतात, यवाकारची ज्वारी झाली नि यवनालाचा जोंधळा.

‘य’चा ‘ज’ कसा झाला? जशी यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, आणि यंत्राचं जातं झालं, तसाच! जतच्या पुढं कर्नाटकात गेलात तर ‘जोळ’ ऐकाल, तेलुगू मुलखात ‘जोन्न’.

धान्याची नावं अशीच फिरतात. स्वीडन देशात ‘कोर्न’ म्हणजे दाणा, आणि सातूही. त्याच मुळाचा शब्द इंग्रजीत ‘कॉर्न’, आणि अमेरिकेत त्याचा अर्थ मका. आपल्याकडंही भंडाऱ्यात ‘धान’ म्हटलं की भात. ज्या मुलखात जे पीक मुख्य, त्याला ते नाव चिकटतं.

म्हणूनच दुकानात नुसतं ‘ज्वारी द्या’ म्हणू नका. खरिपाचं बी रब्बीत पेरलं तर हंगाम वाया जातो. हे ध्यानात ठेवा :

१. हंगाम आणि वाण, दोन्ही नावानिशी सांगा. पिशवीवरची खूणचिठ्ठी वाचा, पावती जपा.

२. जमीन बघून वाण निवडा. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, भारी जमिनीला फुले वसुधा.

३. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करा. एकरी ४ किलो बी पुरतं.

४. काणी रोग टाळण्यासाठी १ किलो बियाण्यास ३०० मेश गंधक ४ ग्रॅम चोळा.

घरचं बी राखत असाल तर चांगली कणसं उभ्या पिकातच निवडा, आणि थैलीत वाणाचं नाव नि साल लिहिलेली चिठ्ठी टाका. नाव हरवलं की दोन वर्षांत वाणाची ओळखही हरवते.