आता बसून राहा

पेडणे तालुक्यातील कोरगावसारख्या गावात, जेथे खारट पाण्यालाही दाद न देणारे कोरगुट भात खाजनात पिकविता पिकविता पिढ्यांनी हाडे झिजविली, तेथे वार्धक्य प्रथम पायांत उमगते: चिखलातून पाऊल उपसताना मेरेचा आधार शोधावा लागतो, भरलेली कळशी कमरेवर घेताना मध्येच दम खावा लागतो, आणि देवळात भजनास मांडी घालून बसलेला गृहस्थ आरतीच्या वेळी आधी एक गुडघा टेकतो, मग शेजाऱ्याचा खांदा धरतो आणि तेव्हा कुठे उभा राहतो.

ही क्षीणता एकाएकी येत नाही. तिशी-चाळिशीनंतर दर दशकास स्नायूंचा सुमारे ३ ते ८ टक्के भाग घटतो व साठीनंतर हा वेग वाढतो. त्यातही झटक्यासरशी आकुंचन पावणारे, म्हणजे पाय घसरताच तोल सावरणारे, तंतू आधी बारीक होतात, सबब वजन उचलण्याच्या ताकदीपेक्षा सावरण्याची चपळाई अगोदर हरपते. म्हणून साठीपर्यंत बिनदिक्कत माडावर चढलेल्या पाडेल्याने चढणे सोडावे, हेच शहाणपणाचे.

परंतु माड सोडला म्हणून परसही सोडावे काय? शेते पडीक पडू लागली, घरची तरणी माणसे म्हापशास, पणजीस आणि अलीकडे मोपाच्या विमानतळावर कामास जाऊ लागली, आणि ‘जन्मभर राबलात, आता बसून राहा’ हा मायेचा हुकूम घरोघर सुटू लागला. ही माया महागात पडते. धडधाकट वृद्धांना अवघे १० दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील मांस जवळजवळ एक किलोने घटल्याचे २००७ साली अमेरिकेत आढळले. तापातून उठलेला म्हातारा पूर्वीसारखा का चालत नाही, हे त्यावरून कळावे. उलटपक्षी, १९९० साली बॉस्टनच्या एका शुश्रूषागृहातील नव्वदीच्या घरातल्या वृद्धांनी आठ आठवडे देखरेखीखाली पायांनी वजने उचलली, तेव्हा त्यांचे बळ सरासरी अडीचपटीच्या वर गेले व दोघांनी तर हातातली काठी ठेवून दिली. सरकारी दप्तर निराधार वेतनासाठी दरसाल हयातीचा दाखला मागते. पाय हयात आहेत की नाहीत, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. ती घरच्या घरी करता येते: हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसावयास १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर बळ ओसरू लागले असे समजावे, आणि तेच उठणे-बसणे, आरंभी टेबलाला धरून का होईना, रोजचा परिपाठ करावा.

अन्नाचेही तसेच. दात गेले की पेज आणि लोणचे एवढ्यावर भागविण्याची खोड लागते. वास्तविक या वयात शरीराच्या दर किलो वजनामागे निदान एक ग्रॅम प्रथिने हवीत, आणि ती तारले, अळसांदे, कुळथाची पिठी यांतून सहज मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र वैद्यास विचारूनच प्रमाण ठरवावे.

मृग लागण्यापूर्वी चिऱ्यांच्या पायऱ्यांवरील शेवाळ खरवडून तेथे कठड्याची तजवीज करावी, न्हाणीत रात्री दिवा ठेवावा. आणि एक गोष्ट म्हातारपणाच्या खाती कधीही मांडू नये: एका अंगाचा हातपाय अचानक लुळा पडणे, तोंड वाकडे होणे वा जीभ जड होणे, तेव्हा काढा उकळीत न बसता तत्क्षणी १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.