तहानलाडू आणि भूकलाडू

गोष्टींतला राजपुत्र असो की लाकूडतोड्याचा मुलगा, तो घराबाहेर पडायला निघाला की त्याची आई तहानलाडू आणि भूकलाडू करून त्याच्या शिदोरीत बांधून देत असे. त्या लाडवांत काय काय घातले होते, हे मात्र आजवर कोणत्याही आजीने सांगितलेले नाही. पण एवढा तर्क करायला हरकत नाही, की ते लाडू कोरडे असले पाहिजेत. सात डोंगर ओलांडायला जे दिवस लागले असतील तेवढे दिवस ओला पदार्थ टिकला नसता, आणि त्या काळी फ्रीज राजाच्या घरीही नव्हता.

आज फ्रीज पुष्कळ घरी आहे. म्हणूनच तो ज्यांच्या घरी नाही त्यांचा आपल्याला विसर पडतो. मी राहते सूसला. मुळशी तालुक्यातले हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत सामील झाले, पण त्याच्या आधीपासूनच भातखाचरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. त्या इमारती बांधणारी माणसे मराठवाड्यातून, कर्नाटकातून, बिहार-छत्तीसगडातून येतात आणि पत्र्याच्या खोल्यांत राहतात. उन्हाळ्यात दुपारी त्या खोलीत हात लावावा ती वस्तू तापलेली असते. आई-वडील सकाळी आठला कामावर जातात. मुलांचे जेवण सकाळी एकदा आणि रात्री एकदा. मधल्या दहा तासांत पोर काय खाते? राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आम्ही अशा एका वस्तीवर संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेत असू, तेव्हा याचे उत्तर डोळ्यांसमोरच असे: चहात बुडवलेली खारी, किंवा पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट.

या पाकिटाला नावे ठेवणे सोपे आहे. पण ते टिकते, फ्रीज मागत नाही, आणि पाच रुपयांत मिळते. हे तिन्ही गुण खरे आहेत. तेव्हा त्याच्या जागी जे सुचवायचे त्यातही हे तिन्ही गुण हवेत. मुलांना दूध द्या, फळे द्या, पनीर द्या, असे सांगणाऱ्याने आधी ती पत्र्याची खोली पाहावी.

अन्न का नासते ते प्रथम पाहू. जिवाणू आणि बुरशी यांनाही आपल्यासारखे पाणी लागते. पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा त्यातले मोकळे पाणी किती, याला येथे महत्त्व असते. शास्त्रज्ञ हे मोकळेपण शून्य ते एक अशा मापावर मोजतात. शुद्ध पाण्याचा आकडा एक. तो ०.९ च्या खाली गेला की बहुतेक रोगकारक जिवाणूंची वाढ थांबते, ०.७ च्या खाली बहुतेक बुरशा हरतात, आणि ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. शिजवलेला भात जवळजवळ एकच्या घरात असतो, म्हणून तो उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतो. तोच तांदूळ भट्टीतून चुरमुरा होऊन आला की महिनाभर टिकतो. फ्रीज जिवाणूंना थंडीने सुस्त करतो. भट्टी त्यांचे पाणीच तोडते. दुसऱ्या उपायाला विजेचे बिल येत नाही.

पाणी तोडण्याचे आपल्याकडचे दोन मार्ग फार जुने आहेत. पहिला भाजण्याचा. भडभुंज्याच्या भट्टीवर हरभरे फुटताना कोणी पाहिले नसतील तर जरूर पाहावेत. हरभऱ्याला पाण्याचा हबका देऊन तो मुरू देतात, आणि मग तापलेल्या वाळूत टाकतात. वाळू दाण्याला चहूबाजूंनी सारखी उष्णता देते. आतल्या ओलाव्याची एकदम वाफ होते, दाणा फुगतो, साल सुटते. मिनिट-दोन मिनिटांचे काम! पण तेवढ्यात जो दाणा दाताने फुटत नव्हता तो फुटाणा होतो, शिवाय कच्च्या कडधान्यातले पचनाला आडवे येणारे काही घटक उष्णतेने निकामी होतात. फुटाण्यात शंभर ग्रॅमला सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने असतात. पंढरपूरहून परतणारा वारकरी चुरमुरे, फुटाणे आणि बत्तासे प्रसाद म्हणून आणतो, त्यामागे भक्ती तर आहेच. पण आठ दिवस पायी चालणाऱ्याच्या पिशवीत न नासता गावापर्यंत पोचेल असाच हा प्रसाद आहे, हेही ध्यानात घ्यावे.

दुसरा मार्ग गुळाचा. साखर किंवा गूळ पाण्याला स्वतःकडे बांधून ठेवतो, त्यामुळे पाणी असूनही जिवाणूंना ते मिळत नाही. पाक करताना आपण हेच करतो. पाणी उडत जाते तसतसा पाक शंभर अंशांच्या वर तापू लागतो. ११५ अंशांच्या सुमारास त्याचा थेंब वाटीभर गार पाण्यात टाकला तर मऊ गोळी होते. दीडशेच्या जवळ गेला की तोच थेंब कडक होऊन काचेसारखा तुटतो. आता त्यात पाणी जवळजवळ उरलेले नाही. चिक्की होते ती या टप्प्यावर. घरोघरच्या बायका थर्मामीटर न लावता ही परीक्षा करतात, आणि ती चुकत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्हाला हे कोणी सांगितले असते, तर मी कलाशाखेकडे वळले असते की नाही, कोण जाणे!

वस्तीवरच्या एका बाईंना मी एकदा विचारले, ‘फ्रीज नसताना मुलांसाठी काय करून ठेवता?’ त्या लातूरकडच्या. म्हणाल्या, ‘ताई, फ्रीज न्हाई म्हणून काय लेकरं उपाशी ठेवताव का आम्ही? गावाकडं असताना शेंगा होत्या, गूळ होता. इथं समदं इकत.’ मुद्दा त्यांनी नेमका सांगितला. ज्ञान त्यांच्याकडे आहेच. अडते ते वेळ, भांडी आणि रोख पैसा यांपाशी.

म्हणून आम्ही कमीत कमी खटपटीचा पदार्थ निवडला: शेंगदाण्याचा लाडू. पाक नाही, तूप नाही. भाजून सोललेले शेंगदाणे ३०० ग्रॅम, डाळे १५० ग्रॅम, चिरलेला गूळ १५० ग्रॅम, सगळे कुटायचे. दाण्याला स्वतःचे तेल सुटते आणि त्यावरच लाडू वळतो. पंचवीस ग्रॅमचे चोवीस लाडू होतात. सूसच्या वाण्याकडच्या भावाने एक लाडू तीन रुपयांच्या आसपास पडतो, आणि त्यात सव्वाशेच्या जवळपास कॅलरी व चार ग्रॅमवर प्रथिने मिळतात. पाच रुपयांच्या पाकिटात माल असतो जेमतेम दहा-पंधरा ग्रॅम, म्हणजे किलोमागे साधारण साडेतीनशे ते पाचशे रुपये. शेंगदाणा त्याच्या निम्म्याहूनही स्वस्त आहे. महाग वस्तू गरिबाला थोडी थोडी विकली की ती स्वस्त वाटते, हे अर्थशास्त्राच्या सरांना नव्याने सांगायला नको.

या लाडवाचे घराणे मोठे आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने १९५०च्या दशकात शेंगदाण्याचे आणि हरभऱ्याचे पीठ ७५ ला २५ या प्रमाणात घेऊन, त्यात जीवनसत्त्वे मिसळून एक पौष्टिक पीठ तयार केले होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे ‘हैदराबाद मिश्रण’ही याच वळणाचे: भाजलेले गहू ४० ग्रॅम, हरभऱ्याची डाळ १६, शेंगदाणे १० आणि गूळ २०. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत मिथिओनिन कमी. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपले सातूचे पीठ हेच करीत आले आहे. आणि १९९६ साली फ्रान्समध्ये आंद्रे ब्रियाँ आणि मिशेल लेस्कान यांनी ‘प्लम्पीनट’ तयार केले, तेही शेंगदाण्याच्या लगद्यात दुधाची भुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे घालून. त्याआधी तीव्र कुपोषित मुलांना भुकटीचे दूध कालवून देत. त्याला स्वच्छ पाणी लागे, आणि कालवलेले दूध लगेच नासे. म्हणून मुलाला दवाखान्यातच ठेवावे लागे. लगद्यात पाणीच नाही, तेव्हा आई ते पाकीट घरी नेऊ शकली. आपला लाडू काही औषध नव्हे, तीव्र कुपोषित मुलाला डॉक्टरच पाहिजे. पण दोहोंतले तत्त्व एकच आहे.

सातूच्या पिठाबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी. कोरडे आहे तोवर ते महिनाभर चांगले. त्यात पाणी घातले की तो ओला पदार्थ झाला. ते कालवून लगेच प्यावे, उद्यासाठी ठेवू नये. दशमीचेही असेच. दुधात भिजवलेली दशमी भाकरीपेक्षा जास्त मऊ राहते आणि प्रवासाला बरी पडते, पण ती दोन दिवसांची सोबतीण. तिला लाडवाच्या डब्यात ठेवू नये.

आता धोक्यांकडे वळू. शेंगदाण्याचा शत्रू एक तर हवा, दुसरी ओल. कुटलेल्या दाण्याचे तेल हवेने खवट होते. म्हणून दाणे अख्खे साठवावेत आणि लाडू आठ-दहा दिवसांपुरतेच करावेत. ओल अधिक वाईट. ओल लागलेल्या दाण्यांवर आणि मक्यावर जी बुरशी येते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवेळी पावसाने भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. हे विष भाजून पुरते जात नाही. म्हणून काळपट, सुरकुतलेला, कडू दाणा निवडून फेकून द्यावा. ‘एवढ्याने काय होते’ म्हणून तो कुटात ढकलू नये. लोणच्याच्या बरणीला ओला हात लावू न देणारी आजी लाडवाच्या डब्यालाही तोच नियम लावत असे, ते उगीच नाही.

याहून तातडीचा धोका म्हणजे घशात अडकण्याचा. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा देऊ नये. तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्याला कुटाचा मऊ लाडूच द्यावा, आणि तोही बसून खायला लावावे. वस्तीवर लहान भावंडाला मोठी बहीण सांभाळते, आणि ही बहीण आठ-नऊ वर्षांची असते. तेव्हा हे तिलाच समजावून सांगावे लागते. काही मुलांना शेंगदाणा मुळातच सोसत नाही, अंगावर गांधी उठतात, धाप लागते. तसे दिसले तर तो पूर्ण बंद करून दवाखाना गाठावा.

गुळाविषयी आपल्याकडे बरीच भाबडी समजूत आहे. गुळात थोडे लोह असते, पण त्याने रक्त वाढेल अशी आशा धरू नये. तो बव्हंशी साखरच, आणि चिक्की दाताला चिकटून बसते ती वेगळीच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी जवळजवळ ६९ मुलांत रक्ताची कमतरता आढळली. अन्नातले लोह अंगी लागायला ‘क’ जीवनसत्त्व मदत करते, आणि ते कोरड्या खाऊत नसते. त्यासाठी पेरू. एका मध्यम पेरूत संत्र्याच्या कित्येक पट ‘क’ जीवनसत्त्व असते, हंगामात तो स्वस्त असतो, आणि दोन दिवस टोपलीत सुखाने राहतो. आवळा त्याच्याही पुढे. उलट चहा लोहाच्या आड येतो. म्हणून लाडू आणि चहा एका वेळी नको. दोहोंत तासाभराचे अंतर असावे. चहा बंद करा, असे सांगून पाहिले. कोणी ऐकले नाही. अंतराची गोष्ट मात्र पुष्कळ बायकांनी मान्य केली.

राहता राहिला पावसाळा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर चुरमुरे दोन दिवसांत वातड होतात आणि गूळ पाझरतो. वातड चुरमुरे कोरड्या कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटे हलवले की पुन्हा कुरकुरीत होतात, पण फोडणीचे तेल घातल्यावर नव्हे, त्याआधी. डबा घट्ट झाकणाचा पत्र्याचा किंवा स्टीलचा घ्यावा, भरण्यापूर्वी तो चुलीजवळ कोरडा करावा, आणि माल गार झाल्यावरच झाकण लावावे. गरम असताना लावले तर वाफेचे पाणी आतच राहते. त्या चार महिन्यांत लाडूही दहा दिवसांऐवजी चार-पाच दिवसांपुरतेच करतात. वस्तीवरच्या आमच्या डब्यावर खडूने वार लिहिलेला असतो, आणि तो वार वाचता यावा म्हणून दोन मुली अक्षरे शिकल्या.