९ किलोंचा कणा, ५० किलोंचं पोतं

हैदराबादच्या बेगम बाजारात सकाळी हमालांच्या वाटेत उभं राहू नका, हे तिथला कुणीही सांगेल. पण दुकानाच्या पायरीवर चढून एकदा नीट बघाच. साखरेचं ५० किलोंचं पोतं पाठीवर घेण्याआधी एखादा हमाल कंबरेचा गमछा सोडतो, पुन्हा दोन वेढे देऊन करकचून आवळतो, छाती भरून श्वास घेतो, तो रोखतो आणि मग वाकतो. चार-पाच सेकंदांचा खेळ. पण एवढ्या वेळात त्याच्या पोटात जे घडतं ते कळलं, की युरोपातल्या बायकांचा कॉर्सेट, आपल्या बाळंतिणीचं पोट बांधणं आणि हल्ली कंबर बारीक करायला म्हणून विकले जाणारे पट्टे, या सगळ्यांचं गुपित एकदम उलगडतं.

आधी कंबर म्हणजे काय ते बघू. वर बरगड्या संपतात, खाली कटीचं हाड सुरू होतं. मधल्या जागेत हाड म्हणाल तर मागे कण्याचे मणके, बस्स. पुढे आणि बाजूंना हाडाचा तुकडासुद्धा नाही! आणि हा कणा तरी किती दणकट? १९९२ साली क्रिस्को आणि पंजाबी या संशोधकांच्या गटाने मृतदेहांतला कंबरेचा कणा घेतला, त्यावरचे स्नायू काढून टाकले, सांधणारे बंध तेवढे ठेवले आणि वरून भार दिला. किती भाराला तो वाकला असेल? जेमतेम ९ किलो. आपलं डोकं, हात आणि छाती यांचंच वजन त्याच्या कितीतरी पट असतं.

मग ५० किलोंचं पोतं पेलतं कोण? एकीकडून कण्याला चारी बाजूंनी ताणून धरणारे स्नायू. आणि दुसरीकडून, विश्वास बसणार नाही, पोटातला दाब. सोड्याची सीलबंद प्लास्टिकची बाटली हातात दाबून बघा, दगडासारखी लागते. झाकण उघडून सोडा ओतून टाका, तीच बाटली मुठीत चुरगळते. प्लास्टिक तेच, फरक फक्त आतल्या दाबाचा. पोटालाही असंच वर श्वासपटलाचं झाकण आहे, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आहेत आणि भोवती स्नायूंची भिंत आहे. हमालाने श्वास रोखला, झाकण बंद झालं. गमछा आवळला, भिंतीला बाहेर फुगायला जागा उरली नाही. आतला दाब वाढला आणि कण्याला पुढून टेकू मिळाला.

आता याहून मोठं नवल ऐका. असा एक पट्टा आपण सगळे जन्मापासून आतच बांधून हिंडतो. पोटाच्या भिंतीतला सगळ्यात आतला स्नायू, ट्रान्सव्हर्सस अब्डॉमिनिस, मागून पुढे आडवा कंबरेला वेढून असतो. १९९६ साली पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी लोकांना फक्त हात झटकन वर करायला सांगितलं आणि स्नायूंमधले विजेचे संकेत टिपले. आधी कोण हललं? खांदा नव्हे, पोटातला हा पट्टा! हात उचलण्याआधीच शरीराने कंबर कसलेली होती. ज्यांना कंबरदुखीचा जुना त्रास होता, त्यांच्यात मात्र हा स्नायू उशिरा जागा होत होता.

मग बाहेरून आणखी एक पट्टा चढवला तर कंबर दुप्पट सुरक्षित व्हायला हवी, नाही का? अमेरिकेत मालाची चढउतार करणाऱ्या हजारो कामगारांवर हे तपासून पाहिलं. २००० साली निकाल आला: पट्टा रोज बांधणाऱ्यांची पाठदुखी न बांधणाऱ्यांपेक्षा कमी नव्हती. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पट्टा क्षणभराचा आधार देतो, पण आतल्या स्नायूचं काम आपल्या अंगावर घेत नाही.

याच बेगम बाजारातून डिंक, खारीक, खोबरं आणि खसखस मराठी घरांत जाते, कारण घरी बाळंतीण असते. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते, त्यामुळे गौलीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी घरं आणि मराठी रिती पक्क्या रुजल्या. त्यातली एक रीत म्हणजे जुन्या मऊ सुती साडीच्या पट्ट्याने पोट बांधणं. गर्भारपणात पोटाच्या मधोमध असलेली उभी पांढरी पट्टी ताणून रुंद होते आणि दोन्ही बाजूंचे स्नायू एकमेकांपासून लांब सरकतात. अशा ढिल्या भिंतीला बाहेरून हात दिल्यासारखा आधार मिळाला, की उठणं-बसणं सोपं जातं. सिझेरियननंतर पट्ट्यामुळे वेदना कमी झाल्याचं चाचण्यांतही दिसलं आहे. गर्भाशय मात्र पट्ट्याची वाट बघत नाही. बाळ जन्मल्यावर साधारण १ किलोचं असलेलं ते सहा आठवड्यांत ६० ग्रॅमच्या आसपास येतं. आपलं आपण!

आणि कॉर्सेट? त्याच्या ताठ काड्या देवमाशाच्या हाडाच्या असायच्या असं म्हणतात, पण ते हाड नव्हेच. देवमाशाच्या तोंडातल्या गाळणीच्या त्या पट्ट्या आपल्या नखांच्याच द्रव्याच्या, म्हणजे केराटिनच्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोरीच्या भोकांना धातूच्या कड्या आल्या. त्याआधी ती भोकं दोऱ्याने काजं करतात तशी शिवलेली असत आणि जोरात ओढलं की फाटत. पुढून उघडणारी पोलादी पट्टी आली आणि बाईला कॉर्सेट आपल्या हाताने चढवता-उतरवता येऊ लागला. पाठीवरची दोरी नागमोडी ओवलेली असते. प्रत्येक भोक कप्पीचं काम करतं, ओढ थोडी आणि आवळणं जास्त. पण प्रत्येक भोकाशी घर्षणही आहे, म्हणून दोरी वरून आणि खालून कंबरेकडे सरकवत आणायची आणि शेवटची ओढ मधल्या दोन फासांना द्यायची.

आराम आणि जाच यांतला फरक इथेच ठरतो. पोट आत दाबलं तर आतलं सगळं जाणार कुठे? वर आणि खाली. वर गेलं की श्वासपटलाला खाली उतरायला जागा उरत नाही, श्वास छातीतल्या छातीत चालतो, जेवलेलं घशाशी येतं. खाली गेलं की ओटीपोटाच्या तळावर भार पडतो. म्हणून आत मऊ बनियन, सुरुवातीला सैल बांधणी आणि तास-दोन तासच, मूळ मापापेक्षा फार तर दोन-चार इंच कमी, पोटभर जेवणानंतर मुळीच नाही. मुंग्या आल्या, दम लागला, की दोरी सैल. नुकतंच बाळंतपण किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

कंबर कायमची बारीक होते का? पट्टा काढला की चरबी आणि आतडी आपल्या जागी परततात. कायमचं बदलायचं असेल तर हाडच बदलावं लागतं. मानववंशशास्त्रज्ञ रिबेका गिब्सन यांनी पॅरिस आणि लंडनमधले कॉर्सेट घालणाऱ्या बायकांचे सांगाडे तपासले. त्यांच्या बरगड्या आत दबलेल्या होत्या, मणक्यांची मागची टोकं खाली कललेली होती. म्हणजे जिवंत हाड वर्षानुवर्षांच्या दाबाने आपला आकार बदलत गेलं होतं! तेवढी किंमत मोजायची नसेल तर कॉर्सेट हौसेपुरता थोडा वेळ घालावा, आणि आतल्या पट्ट्याला रोज कामाला लावावं: उताणं पडून गुडघे वाकवायचे, श्वास सावकाश सोडत बेंबी कण्याकडे ओढायची, पाच-दहा सेकंद धरायची आणि सोडायची.